डोळ्याच्या डॉक्टरकडे जाताना गोळ्यांची पिशवी सोबत न्या

आमचे नाना चोपड्याला असतात, मागच्या पावसाळ्यात त्यांना अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता यायला लागला. घरात सगळे खूश, नानांचे डोळे सुधरले म्हणून. पण लांबून एसटीची पाटी दिसेना. मग दुकानात जाऊन नंबर काढला, चष्मा केला आणि महिन्याभरात तोही चालेना. शेवटी शुगर बघितली तर ३८०! शुगर वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं, नंबर सरकतो, आणि औषध सुरू झालं की परत उलटा सरकतो. म्हणून नंबर एकदम बदलला तर आधी शुगर तपासा, आणि वाढलेली निघाली तर ती महिना-दीड महिना आटोक्यात राहू द्या, मगच चष्म्याला पैसे घाला.

शुगर असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला पडदा तपासायचाच, टाइप २ वाल्यांनी (मोठेपणी बहुतेकांना होते ती शुगर) तर शुगर कळली तेव्हापासूनच. पडद्यावरच्या नसा खराब होताना दुखत नाही, दिसतंही नीट, त्यामुळे "मला काय झालंय" म्हणत लोक बसतात आणि दिसायला कमी लागलं तेव्हा उशीर झालेला असतो. बाहुली मोठी करायला जे थेंब टाकतात त्यांनी चार-सहा तास धूसर दिसतं, तर मोटारसायकल स्वतः चालवत येऊ नका, सोबत कोणाला तरी न्या आणि गॉगल ठेवा, आपल्या जळगावचं ऊन माहितीये ना. बीपीवाल्यांनीही पडदा दाखवून घ्यावा.

आता पिशवी. घरातल्या सगळ्या गोळ्या, पंप, थेंब, मलम एका पिशवीत भरा आणि डॉक्टरच्या टेबलावर ठेवा, कारण नाव कोणालाच आठवत नाही, "ती पांढरी गोळी" एवढंच सांगतो आपण. टीबीच्या औषधातल्या इथाम्बुटॉलने काहींची डोळ्याची नस सुजते, लाल-हिरवा रंग फिका वाटायला लागला तर त्याच दिवशी सांगा. सांधेवाताची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षं चालू असेल तर पडद्याची तपासणी ठरवून घ्या. लघवीसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्या काकांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ते सांगायलाच पाहिजे, बाहुलीभोवतीचं रंगीत कडं ऑपरेशनमध्ये ढिलं पडतं, आधी माहिती असेल तर सर्जन तयारीत राहतो. पण हे वाचून एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका हं.

मला सगळ्यात काळजी वाटते ती मेडिकलवरून आणलेल्या थेंबांची. उन्हाळ्यात धूळ उडते, पोरांचे डोळे खाजतात, लाल होतात, कोणी सांगतं अमुक थेंब टाक, दोन दिवसात आराम पडतो आणि मग दरवर्षी तीच बाटली. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन अशी नावं बाटलीवर असतात, ती वाचा. हे महिनोन्‌महिने टाकलं की डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, लहान पोरालाही, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. खाजेवर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा, डोळे चोळू देऊ नका आणि डॉक्टरला दाखवा.

खाण्याचं सोपंय. मेथी, शेवग्याचा पाला, तांदुळजा, गाजर, पिकलेली पपई. पालेभाजीतलं सत्त्व तेलाशिवाय नीट अंगी लागत नाही, तर आपल्या भरतात कांद्याची पात पडते ती चांगलीच, फक्त तेलाचा तवंग नको. घरची केळी शुगरवाल्याने मोजून खायची, नाना रोज पाच खायचे. लहान मुलांना ९ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत अंगणवाडीत 'अ' जीवनसत्त्वाचे डोस मिळतात, ते चुकवू नका, पण गरोदर बाईने त्याच्या जास्त डोसच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. बिडी-सिगरेटने मोतीबिंदू लवकर येतो, पडदाही झिजतो.

आणि डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके, वीज चमकल्यासारखं, पडदा ओढल्यासारखं किंवा लाल डोळा खूप दुखून धूसर दिसलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच निघा.