कंबर दाखवायला जाताना फरशीचं फडकं सोबत न्या

मी पेशंट सांभाळायचं काम करते, चौदा वर्षं झाली. त्याआधी सहा वर्षं पुण्यात टेकडीवरच्या जनता वसाहतीतून खाली उतरून सहकारनगरात धुणं-भांडी आणि फरशी करायचे. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात एका आजोबांना कमोडवरून उठवताना कमरेत अशी कळ आली की आजी शेजाऱ्यांना हाक मारून आणेपर्यंत आजोबा आणि मी भिंतीला टेकून तसेच उभे होतो. आजोबा ८५ किलोचे, मी ५२ किलोची.

पट्टा झाला, मलम झालं. मग ओळखीच्या एका मालिशवाल्याने पाठीवर गुडघा देऊन कडकड आवाज काढला, आणि पुढचे चार दिवस मला खाली बसता येईना. शेवटी आजोबांच्या लेकीने मला ऑस्टिओपॅथकडे नेलं. तिथे जे शिकले ते माझ्यासारख्या बायांसाठी लिहिते आहे.

ऑस्टिओपॅथी म्हणजे हाताने करायचा उपचार. स्नायू, सांधे, बरगड्या यांची हालचाल कुठे अडली आहे ते हाताने तपासतात आणि हातानेच मोकळी करतात. माझ्या डॉक्टरांच्या खोलीत एका दाढीवाल्या माणसाचा फोटो आहे. ते अँड्र्यू टेलर स्टिल. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, कर्क्सव्हिल गावात, त्यांनी १८९२ मध्ये याचं पहिलं कॉलेज काढलं. अमेरिकेत हे शिकलेले लोक पूर्ण डॉक्टर असतात, औषध देतात, ऑपरेशनही करतात. आपल्याकडे तसं नाही. म्हणून जाल तिथे आधी स्पष्ट विचारा, तुमचं मूळ शिक्षण काय? माझ्या डॉक्टरांची आधीची पदवी फिजिओथेरपीची आहे आणि विचारल्याबरोबर त्यांनी भिंतीवरचं सर्टिफिकेट दाखवलं. विचारल्यावर जो चिडेल त्याच्याकडे परत जाऊ नका.

जाण्याआधी दोन दिवस एक काम करा. कागद घ्या आणि दिवसभरात अंगाने काय केलं ते लिहा, येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. मी लिहिलं तेव्हा माझं मलाच कळलं. पेशंटची कूस १४ वेळा बदलली, खुर्चीत बसवणं-उठवणं ६ वेळा, डायपर ५, बादल्या ४, आणि घरी परतताना वसाहतीचा चढ. 'कंबर दुखते' एवढंच सांगितलं असतं तर डॉक्टरांना यातलं काही कळलं नसतं.

साडी नेसून जाऊ नका, सैल सलवार आणि टी-शर्ट घाला. सोबत बाईमाणूस न्या. कुठे हात लावणार ते आधी सांगायला हवं, आणि नको वाटलं तर सरळ नको म्हणायचं. तिथे आपण गडी नाही, पेशंट आहोत.

पहिल्या वेळी बराच वेळ प्रश्नांत जातो. पडला होतात का, बाळंतपणं किती, पाळी गेली का, शुगर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. यातलं काही लपवू नका. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होऊ शकतात आणि अशा हाडांवर जोराचा झटका चालत नाही. मानेला झटका देऊन आवाज काढायला तर मी कुणालाच हात लावू देत नाही. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नसा मानेतून जातात, त्यांना क्वचित का होईना इजा होऊ शकते. हळू हाताचे पुष्कळ उपचार आहेत. एकात ते पाय धरून ठेवतात, आपण त्यांच्या हातावर हलकेच जोर द्यायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. मग पाय थोडा पुढे जातो. आवाज नाही, कळ नाही. नंतर एक-दोन दिवस अंग ठणकतं, त्याला घाबरू नका.

आता फडक्याचं. प्रश्न संपल्यावर डॉक्टर म्हणाले, "मावशी, फरशी कशी पुसता ते करून दाखवा." मी त्यांच्याच खोलीत उकिडवी बसून पुसून दाखवली. मग त्यांच्या असिस्टंट मुलीला टेबलावर झोपवून कूस कशी वळवते ते दाखवलं. तेव्हा सापडलं की माझा उजवा खुबा वळतच नाही, त्याचं वळणं बिचारी कंबर करते. हे कुठल्याही एक्स-रेमध्ये दिसलं नव्हतं. म्हणून सांगते, दुखणं तोंडाने सांगाच, पण काम करून दाखवा. डॉक्टर बघायला तयार नसतील तर आग्रह धरा.

उपचाराने मला आठवडाभर बरं वाटलं आणि परत दुखायला लागलं. त्यांनी ते आधीच सांगितलं होतं. ब्रिटनमध्ये नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ज्या सूचना काढल्या, त्यातही हाताचा उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावा असं आहे. म्हणजे तो मोकळा आठवडा व्यायामासाठी आणि कामाची पद्धत बदलण्यासाठी वापरायचा. मी काय बदललं ते सांगते.

पहार आठवा. लांब टोक धरलं की थोड्या जोरात मोठा दगड हलतो. आपण वाकून वजन लांब धरतो तेव्हा लांब टोक वजनाच्या हाती जातं आणि आखूड टोक आपल्या पाठीच्या हाती राहतं. म्हणून उचलायचं ते पोटाशी घेऊन. २० लिटरची बादली भरली की २० किलो झाली. अर्धी भरा, दोन खेपा करा. वळायचं असेल तर पाय उचलून वळा, कंबर पिळू नका.

अमेरिकेत पेशंट हाताने उचलण्यासाठी ३५ पौंडांची, म्हणजे साधारण १६ किलोची मर्यादा सुचवलेली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. ८५ किलोच्या माणसाचा नुसता एक पाय तेरा-चौदा किलोचा असतो! तेव्हा आजोबांना मी आता उचलत नाही, सरकवते. जुनी सुती चादर दुहेरी करून खांद्यापासून मांड्यांपर्यंत त्यांच्या खाली कायम घातलेली असते. वर सरकवायचं तर पलंग सपाट करायचा, घरच्या कुणाला दुसऱ्या बाजूला उभं करायचं, चादर मुठीत गुंडाळायची आणि एक-दोन-तीन म्हणून दोघांनी मिळून ओढायची. कूस वळवताना आधी त्यांचा पलीकडचा गुडघा वाकवून घ्यायचा आणि खांदा-खुबा धरून आपल्याकडे वळवायचं. आपला एक पाय पुढे, एक मागे, आणि जोर मागच्या पायावर जाऊ द्यायचा.

खुर्चीत बसवताना पेशंटला आपल्या मानेला मिठी मारू देऊ नका. तो घसरला तर मान गेली. त्याला कडेला बसवा, तळवे जमिनीला टेकवा, मग पुढे वाकायला सांगा. नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की ढुंगण आपोआप हलकं होतं. आपण पेशंटच्या कमरेला बांधलेला पट्टा धरायचा. दवाखान्यातला नसेल तर जुन्या लुगड्याची जाड घडी बांधा. लकवा झालेल्याचा हात किंवा बगल धरून कधीही ओढू नका, त्याचा खांदा निखळतो.

आणि पलंगाची उंची! मी रोज ज्या पलंगावर वाकायचे तो माझ्या गुडघ्याएवढा होता. फर्निचरवाल्याकडून चार लाकडी ठोकळे करून घेतले, वर खाच पाडून, म्हणजे पाय घसरत नाही. पलंग मांडीच्या मध्यापर्यंत आला. पेशंट स्वतः उठून चालत असेल तर मात्र असं करू नका, उंचावरून पडेल.

फरशी-धुण्याच्या बायांसाठी थोडक्यात. रात्री अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं मुंग्या येऊन जाग आणत असतील तर मनगटात नस दबली असू शकते. कपडे पिळून अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर मोठी चादर नळाला अडकवून पिळा. गुडघे टेकून पुसत असाल आणि वाटीवर सूज आली असेल तर गुडघ्यावर पुसणं बंद करा आणि लांब दांड्याचा मॉप मागा. मागायला लाज वाटते, मला माहीत आहे. १९८० साली याच पुण्यात मोलकरणींनी संप केला होता. माझी सासू त्यात चालली होती आणि शेवटपर्यंत ते ताठ मानेने सांगायची. आपण तर दांडा मागतोय. "काकू, खाली बसून माझा गुडघा सुजतो, मॉप आणला तर काम थांबणार नाही" एवढं म्हणा. माझ्या ओळखीत पाच जणींनी मागितला, चार घरांनी आणून दिला.

काही लक्षणं असली तर मालिश, ऑस्टिओपॅथी, काहीही न करता थेट मोठ्या दवाखान्यात जायचं. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा लघवी अडली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल उचलत नाही, कंबरदुखीबरोबर ताप आहे किंवा वजन उतरतंय. यातल्या पहिल्या तीनपैकी, म्हणजे लघवी-संडास, बधिरपणा किंवा पाऊल, काहीही असेल तर रात्र असली तरी निघा, सकाळची वाट बघू नका. आणि छाती भरून डावा हात दुखत असेल तर ते कामाने दुखतंय असं स्वतःच ठरवू नका.

एका वेळची फी म्हणजे माझी दीड दिवसाची ड्युटी. मी तीन वेळा गेले, नंतर घरीच व्यायाम केले. तेवढंही जमत नसेल तर ससूनला, म्हणजे पुण्यातल्या सरकारी दवाखान्यात, हाडांच्या ओपीडीत केसपेपर काढा आणि फिजिओथेरपीचं विचारा. सकाळी लवकर पोहोचा, डबा न्या, अर्धा दिवस जाईल हे घरमालकिणीला आधीच सांगून ठेवा. कागद आणि फडकं तिथेही न्यायचं. मी माझ्या धाकट्या जावेला घेऊन गेले होते, तिने पिशवीतून फडकं काढलं तेव्हा रांगेतल्या बाया बघत राहिल्या. मग एकीने विचारलं, हे कशाला गं आणलंस, आणि जाऊबाई तिथेच उकिडवी बसून तिला दाखवायला लागली.