जुना लॅपटॉप घरी उघडताय? या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास गेला की जुने लॅपटॉप एकामागून एक मान टाकतात. दहा-पंधरा मिनिटं चालतात आणि आपोआप बंद. मग 'मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेला' असं ठरवून मशीन भंगारात जातं. कित्येकदा मदरबोर्डला काहीच झालेलं नसतं. हाताला तळ पोळत असेल, तर आधी पंखा बघा.

इथेच पहिली चूक होते. झाकण उघडलं की पंख्याची पाती बऱ्यापैकी स्वच्छ दिसतात आणि आपण झाकण लावून टाकतो. खरा कचरा बसतो पंखा आणि हीटसिंकची, म्हणजे प्रोसेसर चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाची, बारीक जाळी यांच्या मधे. जिनिंगच्या (कापसातली सरकी काढणाऱ्या गिरण्यांच्या) गावांत धूळ आणि कापसाची रुई मिळून तिथे अक्षरशः गोधडी तयार होते. पंखा सोडवून बाजूला घेतल्याशिवाय ती निघत नाही. बाहेरून फुंकर मारली तर आणखी आत रुतते.

पंक्चरच्या दुकानातली हवा मारून आणू नका. त्या हवेत पाणी आणि तेलाचा अंश असतो, शिवाय पंखा भलत्याच वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. मऊ ब्रश आणि हाताने दाबायचा हवेचा छोटा पंप पुरतो, पाती मात्र बोटाने धरून ठेवा.

हीटसिंक एकदा उचलला की जुनी थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारा मधला लेप, कामाची राहत नाही. ती 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सॅनिटायझरने नको, त्यात ग्लिसरीन असतं. नवी पेस्ट छोट्या चिपवर तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. हीटसिंकवर स्क्रूंजवळ 1, 2, 3, 4 असे आकडे असतील, तर त्याच क्रमाने थोडे थोडे आवळा.

हे सगळं करण्याआधी चार्जर काढा आणि आतल्या बॅटरीची पिन सोडवा. ही पायरी कृपा करून गाळू नका. बॅटरी जोडलेली असताना पेचकस निसटला तर धडधाकट बोर्डही जातो. स्क्रू एका वाटीत टाकू नका, पुठ्ठ्यावर ज्या-त्या जागी खोचा. लांब स्क्रू आखूड जागी गेला की वरचं प्लास्टिक फोडून बाहेर येतो. कीबोर्डची पट्टी (चपटी केबल) ओढण्याआधी तिचं चिमुकलं लॉक उघडा.

टचपॅड वर उचललेलं दिसलं, तर बॅटरी फुगली आहे. मग चार्जिंग बंद. दाबायची नाही, टोचायची तर अजिबात नाही. आतला लिथियम-आयन सेल फुटला की पेट घेऊ शकतो. चिकटवलेली असेल तर जाणकाराकडूनच काढून घ्या. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका, कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

सगळे स्क्रू आवळण्याआधी झाकण नुसतं टेकवून बॅटरीची पिन जोडा, मशीन चालू करा आणि हवा बाहेर पडते त्या जाळीपाशी हात धरा. गरम झोत आला, तर काम झालं. मशीन तापतंय पण हवा थंडच येतेय, तर हीटसिंक चिपवर नीट टेकलेला नाही. बंद करा, पिन काढा आणि पेस्टपासून पुन्हा सुरुवात करा.