कोऱ्या लाकडी वाडग्यावर उरुशीचे पाच हात

जपानी लॅकरकामात वापरल्या जाणाऱ्या उरुशीला मराठीत सरसकट ‘लाख’ म्हटलं जातं. पण लाख किड्यापासून मिळते आणि उरुशी हा झाडाचा चीक आहे, आणि काम करताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. लाखेच्या पॉलिशमधलं स्पिरिट उडालं की ते वाळतं. उरुशी मात्र दमट हवेत घट्ट होते, कारण तिच्यातल्या लॅकेज या एन्झाइमला ओलावा आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. वाडगा उन्हात ठेवला तर तो दिवसेंदिवस चिकटच राहील.

जपानी लॅकरकामाच्या पद्धतींपैकी फ्लॅटमधल्या एका टेबलावर जमण्यासारखी पद्धत म्हणजे फुकि-उरुशी. उरुशी लावायची आणि लगेच पुसून टाकायची. ब्रशच्या रेघांची काळजी नाही, धूळविरहित खोली लागत नाही आणि लाकडाच्या रेषा दिसत राहतात.

आधी अंगावर उतण्याबद्दल. बिब्बा, काजू आणि उरुशी एकाच कुळातले. बिब्बा उततो तशीच ओली उरुशीही उतते, आणि पुरळ लगेच न येता एक-दोन दिवसांनी उठतं. त्यामुळे काम चालू असताना काहीच झालं नाही, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. नायट्रिलचे हातमोजे घाला (पातळ रबरी मोज्यांतून ती आत झिरपू शकते), बाह्या मनगटापर्यंत ओढा आणि तोंडाला हात लावू नका. त्वचेवर ठिपका पडलाच तर आधी खाण्याच्या तेलाने पुसा, मग साबणाने धुवा. काजू किंवा बिब्ब्याची ॲलर्जी असलेल्यांनी या वाटेला न गेलेलं बरं.

सामान थोडंच आहे: ट्यूबमधली कि-उरुशी म्हणजे गाळलेला कच्चा चीक, टर्पेंटाइन, धागे न सुटणारं जुनं सुती कापड, 240, 400 आणि 600 नंबरचा पॉलिशपेपर, झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि आर्द्रतामापक. उरुशी जपून वापरा. दहा-पंधरा वर्षं वाढलेल्या एका झाडातून जेमतेम 200 ग्रॅम चीक मिळतो. इवाते प्रांतातलं जोबोजी हे जपानी उरुशीचं मुख्य ठिकाण आहे. जपानमध्ये वापरली जाणारी बहुतेक उरुशी मात्र चीनमधून येते. सरावासाठी चिनी उरुशी उत्तम.

वाडगा कोरा हवा. आत-बाहेर पाण्याचा एकेक थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर वर तेल, मेण किंवा पॉलिश आहे आणि ते पूर्ण खरवडावं लागेल. केयाकी (एक जपानी झाड) किंवा चेस्टनटसारख्या ठळक रेषांच्या लाकडावर उरुशी खुलते. मऊ लाकूड ती कुठे जास्त, कुठे कमी पितं आणि डाग दिसतात. 240 ने घासा, ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या, उठलेले तंतू 400 ने काढा.

हाताआधी मुरो तयार करा. मुरो म्हणजे दमट कपाट. आपल्यासाठी प्लास्टिकचा डबा पुरेसा आहे. तळाशी पिळलेला ओला टॉवेल, त्यावर जाळी, जाळीवर वाडगा. तापमान 20 ते 25 अंश, आर्द्रता 70 ते 80 टक्के. टॉवेल वाडग्याला टेकू देऊ नका. जपानी पावसाळ्यात, म्हणजे जून-जुलैच्या त्सुयूत, डब्याशिवायही भागतं. हिवाळ्यात खोली गरम ठेवावी लागते.

पहिल्या हातासाठी उरुशी आणि टर्पेंटाइन निम्मेनिम्मे. 12 सेंटिमीटरच्या वाडग्याला तीनएक ग्रॅम उरुशी पुरते. कापडाच्या बोळ्याने सगळीकडे चोळा, दहा मिनिटं लाकडाला पिऊ द्या. मग कोरडं कापड घेऊन पुसा, बदलून पुन्हा पुसा. शेवटच्या कापडावर जवळजवळ डाग उठत नाही, तिथे थांबायचं. लाकडाची कडा आणि बुडाचा गोल इथे उरुशी साचते. तिथे कापड बोटाला गुंडाळून फिरवा.

एका रात्रीनंतर वाडग्यावर हलकेच फुंकर घाला. निळसर वाफ उमटून विरली तर वरचा थर धरू लागला आहे. पांढरट वाफ आली तर आणखी पुढे गेला आहे. तरी पुढच्या हाताआधी पूर्ण 24 तास जाऊ द्या. पहिल्या दोन हातांनंतर 600 ने अलगद घासा, मोजे आणि मास्क घालूनच, कारण अर्धवट घट्ट झालेल्या थराची धूळही उतते. दुसऱ्या हातापासून उरुशी पातळ करू नका. एक ग्रॅमही खूप झाली. तिसऱ्यापर्यंत वाडगा निस्तेज दिसतो आणि फसलं असं वाटतं. झळाळी पाचव्या हाताच्या सुमारास येते.

बिघडतं ते बहुधा पुसण्यात. जाड राहिलेला थर वरून आधी घट्ट होतो, आतला ओला राहतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. आर्द्रता फार वाढवली तरी हेच होतं, शिवाय रंग काळपट पडतो. सुरकुत्या ओल्या असताना हात लावू नका; पूर्ण घट्ट झाल्यावर घासून काढा आणि पुन्हा पातळ हात द्या. तीन दिवसांनीही चिकट असेल तर आधी मुरोची आर्द्रता तपासा. ती ठीक असेल तर संशय तेलावर घ्या: हात धुताना वापरलेलं खाण्याचं तेल कापडाला लागलं तर उरुशी घट्ट होत नाही. टर्पेंटाइनने पुसून काढा आणि नव्या कापडाने सुरुवात करा. वापरलेली कापडं पाण्यात भिजवून, पिशवीत बांधून टाका.

शेवटच्या हातानंतर वाडगा महिनाभर मोकळ्या हवेत ठेवा, वास पूर्ण गेला की वापरा. मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर नको, सतत ऊनही नको. अतिनील किरणांनी उरुशी फिकी आणि ठिसूळ होते. बाकी मऊ स्पंज, साधा साबण, आणि धुतल्यावर लगेच पुसणं. सुरुवातीचा गडद तपकिरी रंग काही महिन्यांत उजळतो आणि लाकडाच्या रेषा जास्त स्पष्ट होतात. काही वर्षांनी ओठ लागतात ती कड झिजली तर तेवढीच 600 ने घासून दोन हात द्या.