जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज पुन्हा टाकताना अडलं, तर कुठे बघायचं

गिरगावातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे २०१२ सालचा डेस्कटॉप आहे. गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च, वार्षिक अहवाल, वर्गणीदारांच्या याद्या, सगळं त्याच्यात. गेल्या वर्षी तो फारच रडतखडत चालायला लागला, म्हणून काकांनी विंडोज नव्याने टाकून घ्यायचं ठरवलं. एका दुकानदाराने मशीन दोन दिवस ठेवून घेतलं, तीनदा प्रयत्न केला आणि "हार्ड डिस्क गेली, नवीनच घ्या" असं सांगून परत पाठवलं. काकांचा चेहरा उतरला होता. खरं तर डिस्क ठणठणीत होती. बिघाड भलतीकडेच होता आणि तो काढायला एक संध्याकाळ आणि एक खोडरबर पुरला.

असे कॉम्प्युटर मी बरेच हाताळले आहेत. इन्स्टॉलेशन फसलं की बहुतेक जण तोच पेन ड्राइव्ह लावून पुन्हा पुन्हा "नेक्स्ट" दाबत बसतात. कृपा करून तसं करू नका. इन्स्टॉलेशन नेमकं कुठे थांबलं, त्यावरून बिघाड कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं. म्हणून थांबलेल्या स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढा, किती टक्क्यांवर थांबलं ते लिहून ठेवा आणि मशीन बंद करा.

सगळ्यात आधी फाइली वाचवा

विंडोज उघडत नाही म्हणजे फाइली गेल्या असं नसतं. दुसऱ्या कोणाच्या तरी चालू कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणारी एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) पेन ड्राइव्ह बनवून घ्या. हे लिनक्स इन्स्टॉल न करता थेट पेन ड्राइव्हवरूनच चालतं, डिस्कवर काही लिहीत नाही आणि विंडोजची पार्टिशन्स, म्हणजे सी, डी असे डिस्कचे भाग, उघडून दाखवतं. तिथून सगळं एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करा. फक्त डी ड्राइव्ह नको; डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सी ड्राइव्हवरचे फोल्डरही घ्या. मधल्या प्रयत्नात सी फॉरमॅट न करता त्याच्यावरच विंडोज टाकलं गेलं असेल, तर जुन्या फाइली "विंडोज डॉट ओल्ड" नावाच्या फोल्डरमध्ये सापडू शकतात. विंडोज तो फोल्डर काही दिवसांनी आपोआप पुसून टाकतं, म्हणून लगेच बघा.

आपल्या मराठी लोकांनी एक गोष्ट हमखास लक्षात ठेवावी, ती म्हणजे फॉन्ट. युनिकोड, म्हणजे आता सगळीकडे चालणारी मराठी अक्षरांची पद्धत, रुळायच्या आधी आपण श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप करत होतो. तो फॉन्ट नव्या विंडोजमध्ये नसेल तर फाइल उघडते, पण आत निव्वळ इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गाळ दिसतो. काकांच्या मंडळाचे जुने अहवाल असेच होते. म्हणून विंडोजच्या फोल्डरमधला "फॉन्ट्स" हा आख्खा फोल्डर उचलून ठेवा. तो फार जागा व्यापत नाही.

कॉपी करताना डिस्कमधून टकटक किंवा खरखर असा आवाज येत असेल तर तिथेच थांबा. अशा डिस्कला पुन्हा पुन्हा चालवलं की उरलेलंही जातं. ती डेटा रिकव्हरी करणाऱ्याच्याच हातात द्यावी.

पेन ड्राइव्हच दिसत नसेल

मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायची यादी म्हणजे बूट मेनू. तो उघडायची कळ कंपनीप्रमाणे बदलते. डेल आणि लेनोवोला बहुधा एफ१२, एचपीला एफ९ किंवा आधी एस्केप, आसूसच्या डेस्कटॉप बोर्डांना एफ८. मशीन सुरू केल्या केल्या ती कळ टपटप दाबत राहायची. डेस्कटॉप असेल तर पेन ड्राइव्ह पुढच्या पोर्टला न लावता मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा, आणि निळा सोडून काळा पोर्ट निवडा. पुढच्या पोर्टांच्या आतल्या वायरी वर्षानुवर्षांनी सैल होतात.

तरीही दिसत नसेल तर पेन ड्राइव्ह कसा बनवला ते आठवा. विंडोजच्या फाइली नुसत्या कॉपी-पेस्ट केल्या असतील तर भरवसा नाही. बूट होण्यासाठी पेन ड्राइव्ह सहसा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि विंडोजची मुख्य फाइल बरेचदा त्याहून मोठी असते. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल किंवा रुफस हे पेन ड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर वापरा. पेन ड्राइव्ह निदान ८ जीबीचा हवा, आणि फुटपाथवर स्वस्तात मिळालेला तर नकोच. लिहिलेल्या क्षमतेपेक्षा आत निम्मीही जागा नसलेले पेन ड्राइव्ह मी स्वतः पाहिले आहेत.

डिस्क निवडायच्या पानावर अडलं तर

इथे दोन तऱ्हा होतात. एक म्हणजे यादीत डिस्कच येत नाही. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, ती दिसते का ते बघा. तिथेही नसेल तर मशीनची वायर भिंतीतून काढून कॅबिनेट उघडा आणि साटा केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर, दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवा. बायोसमध्ये दिसते पण विंडोजला दिसत नाही, असं असेल तर बायोसमधला साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, "रेड" (RAID) वर गेला असावा. तो एएचसीआय (AHCI) करा. दुसऱ्या डिस्कवर जुनं विंडोज अजून चालू असेल तर मात्र हा मोड बदलल्यावर ते बूट होणार नाही, हे ध्यानात असू द्या.

दुसरी तऱ्हा जास्त आढळते. डिस्क दिसते, पण खाली संदेश येतो की या डिस्कवर एमबीआर टेबल आहे आणि ईएफआय यंत्रणेवर फक्त जीपीटी डिस्क चालते. यात काहीही बिघडलेलं नसतं. एमबीआर ही डिस्कची पार्टिशन्स आखायची जुनी पद्धत, जीपीटी नवी. जुनी मशीन लेगसी बायोस पद्धतीने सुरू होत. साधारण विंडोज ८ च्या काळापासून, म्हणजे २०१२ पासून, सुरू होण्याची यूईएफआय ही नवी पद्धत (संदेशातलं ईएफआय तेच) सर्रास आली. त्या सांध्यावरच्या कॉम्प्युटरला दोन्ही जमतं. तुमची डिस्क जुन्या पद्धतीने आखलेली आहे आणि पेन ड्राइव्ह नव्या पद्धतीने सुरू झाला आहे, एवढाच घोळ. उपाय सोपा आहे: बूट मेनूमध्ये तोच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा यूईएफआय असं लिहिलेला आणि एकदा त्याशिवाय. यूईएफआय न लिहिलेला निवडा. तसा दिसतच नसेल तर रुफसमध्ये एमबीआर हा पर्याय घेऊन पेन ड्राइव्ह पुन्हा बनवा. डिस्क पुसावी लागत नाही.

इंटरनेटवर मात्र याच संदेशावर सरसकट "शिफ्ट एफ१० दाबा, डिस्कपार्ट (विंडोजचं डिस्क आखायचं साधन) उघडा, क्लीन करा" असा सल्ला मिळतो. क्लीन म्हणजे त्या डिस्कची सगळी पार्टिशन्स एका क्षणात नाहीशी होतात आणि विंडोज "नक्की ना?" असं विचारतही नाही. काही वर्षांपूर्वी मी घाईत शून्य क्रमांकाच्या डिस्कऐवजी एक क्रमांकाची निवडली. ती मावसबहिणीची एक्स्टर्नल डिस्क होती, तिच्या लग्नाचे फोटो त्यात होते. बरेचसे परत मिळाले, सगळे नाही मिळाले. तेव्हापासून डिस्कपार्टला हात लावण्याआधी ज्या डिस्कवर विंडोज टाकायचं तेवढीच ठेवतो आणि बाकीच्या सगळ्या उपसून काढतो. तुम्हीही तसंच करा.

फाइली कॉपी होताना थांबत असेल

काकांचं मशीन इथे अडत होतं. पहिल्यांदा ३७ टक्क्यांवर, मग ६१ वर, मग १२ वर, आणि प्रत्येक वेळी ८००७०५७० हा आकडा असलेली एरर. फाइल खराब आहे किंवा वाचता येत नाही, असा तिचा अर्थ. हे वाचून पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर संशय जाणं साहजिक आहे. पण टक्के बघा. दर वेळी एकाच ठिकाणी थांबत असेल तर बहुधा पेन ड्राइव्हवरची ती फाइल किंवा डिस्कवरची ती जागा खराब असते. दर वेळी जागा बदलत असेल तर रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची चालू कामाची मेमरी, तपासायलाच हवी, कारण सगळ्या फाइली रॅममधूनच पुढे जातात. तिथे एखादा बिट उलटा पडला तरी चांगली फाइल खराब ठरते.

मशीन बंद केलं, वायर काढली, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावला आणि रॅमच्या दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या. खिडकीच्या उजेडात धरल्यावर लगेच दिसलं. रॅमच्या खालच्या काठाला सोनेरी रंगाचे बारीक दात असतात. एका पट्टीचे दात लख्ख होते. दुसरीवर उजव्या बाजूच्या आठदहा दातांवर चहाच्या डागासारखी तपकिरी झाक होती. काकांचं टेबल खिडकीलगत आहे, चौपाटी हाकेच्या अंतरावर, आणि पावसाळ्यात ती खिडकी उघडीच असते. खारी दमट हवा असा चिवट थर चढवते. शाळेतला पांढरा, मऊ खोडरबर घेऊन मी दात लांबीच्या दिशेने हलक्या हाताने घासले. खोडरबराची वळी काळी निघाली. सुक्या ब्रशने सगळे कण झाडले, स्लॉटमधली धूळही काढली आणि पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या "टक्" वाजेपर्यंत दाबून बसवली. खरखरीत, शाई खोडायचा रबर वापरू नका, त्याने मुलामा निघतो.

त्यानंतर लगेच विंडोज टाकायला घेऊ नका. मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकून त्याने मशीन सुरू करा आणि रात्रभर चालू ठेवा. सकाळी लाल अक्षरांतली एकही ओळ दिसली तर ती रॅम भरवशाची नाही. "एकच तर एरर आहे" असं म्हणून सोडू नका. मग एकेक पट्टी वेगळी लावून तपासा. एक चांगली पट्टी दोन संशयास्पद पट्ट्यांपेक्षा बरी.

रॅम चांगली निघाली तर डिस्ककडे वळा. लिनक्स मिंटमध्ये "डिस्क्स" नावाचं साधन असतं, त्यात डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली "स्मार्ट" नोंद वाचता येते. "करंट पेंडिंग सेक्टर" आणि "रिअलोकेटेड सेक्टर" हे आकडे शून्य असावेत. ते वाढत असतील तर त्या डिस्कवर विंडोज टाकण्यात अर्थ नाही. "सीआरसी एरर" वाढत असेल तर मात्र डिस्क बदलण्याआधी साटा केबल बदला, काही रुपड्यांत काम होतं.

अर्ध्यात मशीन आपोआप बंदच होत असेल तर आधी पंखा आणि हीटसिंकवरची धूळ साफ करा, मग एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) तपासून घ्या.

रिस्टार्टनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू

हा बिघाडच नाही. फाइली कॉपी झाल्या की मशीन स्वतःहून रिस्टार्ट होतं, आणि बूट क्रमात पेन ड्राइव्ह पहिला असला की सेटअप पुन्हा उघडतो. पहिल्या रिस्टार्टला पेन ड्राइव्ह काढून घ्या.

सगळं झालं, पण तारीख २००९

मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्यासारखा सीआर २०३२ सेल संपलेला असतो. तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत, अपडेट येत नाहीत, आणि लोकांना वाटतं इंटरनेटच बिघडलं. बायोसमधल्या सेटिंगही वीज काढली की जातात, त्यामुळे नीट सुरू झालेलं मशीन दुसऱ्या दिवशी अडतं. सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. खिट्टी बाजूला ढकलली की जुना उडी मारून वर येतो. नव्याची अधिकची बाजू वर ठेवायची.

नक्की काय टाकायचं?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. ही अट चुकवायच्या युक्त्या आहेत, पण कोअर २ ड्युओसारख्या प्रोसेसरवर ११ ची २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या सूचना त्या चिपमध्येच नाहीत. बँकेचे व्यवहार करणाऱ्या ज्येष्ठांच्या मशीनवर अशा युक्त्या मी करत नाही. ब्राउझर, व्हॉट्सॲप वेब, पत्रं आणि हिशेब एवढंच काम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असेल तर निवांत चालते, आणि इन्स्क्रिप्ट कीबोर्डने मराठी छान टाइप होतं. टॅलीसारखं विंडोजवरच चालणारं काही असेल तरच विंडोजचा हट्ट धरावा.

शक्य असेल तर याच वेळी हार्ड डिस्कऐवजी साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. जुन्या मशीनला याहून मोठा फरक कशाने पडत नाही. खरेदीला लॅमिंग्टन रोड आहेच, ग्रँट रोड स्टेशनहून चालत जाता येतं. रॅम घ्यायची तर जुनी पट्टी सोबत न्या, कारण डीडीआर२ आणि डीडीआर३ यांची खाच वेगळ्या जागी असते. बिल मागून घ्या. मशीन दुकानात ठेवावं लागलं तर डेटाची डिस्क काढून घरी ठेवा.

काकांच्या मशीनमध्ये आता एसएसडीवर मिंट आहे. मंडळाचे जुने अहवाल त्यांनी स्वतः उघडून पाहिले. फॉन्ट घातल्यावर अक्षरं जशीच्या तशी उमटली. कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवून ठेवला आहे: बूट मेनूची कळ, रॅमचा प्रकार, सेल बदलल्याची तारीख आणि "दर पावसाळ्यानंतर रॅम काढून पाहणे".