माजी सैनिक असलेल्या वडीलधाऱ्यांवर स्मरणलेख कसा लिहावा

वडिलांच्या वर्षश्राद्धाला एक छोटी स्मरणपुस्तिका काढायचे आमच्या घरी ठरले, तेव्हा पहिल्या मसुद्यात १९७१च्या युद्धाला तीन पाने आणि उरलेल्या आयुष्याला दीड पान मिळाले होते. ते युद्ध ३ ते १६ डिसेंबर असे जेमतेम दोन आठवडे चालले होते. माजी सैनिकावर लिहिताना बहुतेक घरांत हीच चूक होते, म्हणून आधी कागद गोळा करावेत आणि प्रसंगांकडे नंतर वळावे.

सुरुवात डिस्चार्ज बुकापासून, म्हणजे सैन्यातून बाहेर पडताना मिळणाऱ्या सेवा-नोंदवहीपासून करावी. भरती आणि निवृत्तीच्या तारखा, शेवटचा हुद्दा, मिळालेली पदके यांची नोंद त्यात सापडते. ते हरवले असेल तर पेन्शनचे कागद पाहावेत आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. जन्मतारीख मात्र जपून लिहावी. त्या पिढीतील कितीतरी जणांचा वाढदिवस शाळेच्या दाखल्यावर १ जून असतो आणि खरा दिवस फक्त घरातल्या एखाद्या आत्याला ठाऊक असतो. हुद्दाही नेमका लिहावा, कारण ‘सुभेदार मेजर’ आणि ‘मेजर’ हे दोन वेगळे हुद्दे आहेत, आणि देवळालीत राहणारा तोफखान्यातला कोणताही जुना माणूस ही चूक पहिल्याच ओळीत पकडेल.

पदके पेटीतून काढून नीट पाहावीत. समर सेवा स्टार असेल तर १९६५च्या युद्धात ते प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात होते, असे समजावे. नुसते रक्षा मेडल असेल तर तसे गृहीत धरू नये. १९७१साठी ‘पूर्वी स्टार’ (पूर्व आघाडीचे) आणि ‘पश्चिमी स्टार’ ही दोन वेगळी पदके आहेत, त्यामुळे ते कोणत्या आघाडीवर होते हे पदकाच्या नावावरूनच कळते. जुन्या पत्रांवर गाव शोधू नये, तिथे फक्त ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (सैन्याचे टपाल कार्यालय) असे सापडेल; साधारणपणे पहिला पत्ता पश्चिमेकडचा आणि दुसरा पूर्वेकडचा असतो. जे त्यांनी कधी सांगितले नाही, ते शौर्याच्या नावाखाली आपण रचू नये. आमचे वडील लढाईविषयी विचारले की थंडीबद्दल बोलत, आणि पुस्तिकेत आम्ही शेवटी थंडीच ठेवली.

यानंतरचे काम सर्वांत मोठे, ते म्हणजे आईशी किंवा आजीशी बोलणे. ‘तुम्हाला कसे वाटायचे’ असे विचारले तर ‘काय वाटायचे, चालायचेच’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी मनीऑर्डर किती रुपयांची यायची, ती उशिरा आली तर किराणा कोण उधार द्यायचे, थोरल्याच्या जन्माच्या वेळी ते कुठे होते, सुट्टीवर आल्यावर मूल त्यांना ओळखायचे का, असे नेमके विचारावे. आईने सांगितले की धाकटी बहीण पहिले दोन दिवस त्यांना ‘काका’ म्हणत होती. हा प्रसंग कोणत्याही डिस्चार्ज बुकात मिळाला नसता. फोन समोर न धरता बाजूला ठेवून आवाज मुद्रित करावा आणि एका बैठकीत अर्ध्या तासाहून अधिक बसू नये.

शिपाई-हवालदार बऱ्याचदा चाळिशीच्या आसपासच निवृत्त होतात, हे लक्षात ठेवावे. त्यानंतर ओझरचा विमान कारखाना, नाशिकरोडचा नोट प्रेस किंवा सातपूरच्या एखाद्या कंपनीचे गेट, जिथे कुठे दुसरी नोकरी झाली असेल, तिथल्या सहकाऱ्यांना शोधावे. शेवटची वीस-पंचवीस वर्षे म्हणजे नातवंडांना शाळेत सोडणे, भाजी स्वतः निवडून आणणे, पेन्शनच्या रांगेत ओळखी करणे. त्यालाही पाने द्यावीत.

छापताना सैनिक क्रमांक, पेन्शनचा क्रमांक आणि बँकेचे तपशील गाळावेत, कारण पुस्तिकेचे फोटो व्हॉट्सॲपवर कुठवर जातील हे सांगता येत नाही. कच्चा मजकूर छापखान्यात देण्याआधी आईला मोठ्याने वाचून दाखवावा. आमच्या आईने दोन तारखा दुरुस्त केल्या, एक विशेषण काढायला लावले आणि मनीऑर्डरचा आकडा आणखी दहा रुपयांनी कमी केला.