तिसऱ्या काढून विकायच्या असतील तर कोणते कागद लागतात?

खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे चिखलात मिळणारे खायचे शिंपले, काढून विकायला काय काय कागद लागतात, याबद्दल रत्नागिरी-सिंधुदुर्गात जेवढी तोंडं तेवढे सल्ले मिळतात. कुणी म्हणतं, काहीच लागत नाही, आपल्या आज्या काय परवाना घेऊन चिखलात उतरायच्या? कुणी म्हणतं, हजारो रुपयांचं लायसन काढल्याशिवाय पाटी उचलू नका. दोन्ही चूक आहेत. मी पंधरा वर्षं हे काम करतेय आणि पहिली दोन वर्षं अशाच सल्ल्यांपायी वाया घालवली, म्हणून क्रमाने लिहिते.

ओहोटीच्या वेळा, चिखलात कुठे पाय टाकायचा, काढलेल्या तिसऱ्या रात्रभर खाऱ्या पाण्यात ठेवून वाळू कशी सोडवायची, हे तुम्हाला येतं असं धरते.

1. जागा आणि शिंपल्याची जात बघून घ्या

कांदळवनात, म्हणजे खारफुटीत, उतरण्याआधी ती जमीन राखीव वन आहे का, ते वन विभागाकडे विचारा. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 सालापासून आहे, तिथे तर विचारल्याशिवाय काही काढूच नका. जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांना तावदानांसारखे लावलेले ते पातळ, चपटे शिंपले हाती लागले तर परत पाण्यात सोडा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. आणि चुन्याच्या भट्टीसाठी खाडीच्या तळाचे मेलेले शिंपले उपसणं हे वेगळंच प्रकरण आहे, ते वाळू-मुरमासारखं गौण खनिजात मोडतं. त्यासाठी महसूल खात्याची परवानगी लागते.

2. होडी असेल तरच होडीचा परवाना

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा आहे. त्यातली नोंदणी आणि परवाना नौकेसाठी असतो. ओहोटीला पायी उतरून हाताने तिसऱ्या वेचणाऱ्या बाईला तो लागत नाही. होडी वापरत असाल तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे जा, दुसरीकडे विचारत बसू नका. 1 जून ते 31 जुलैची बंदी यांत्रिक नौकांना आहे, पण त्या दिवसांत पुराचं गढूळ पाणी खाडीत उतरतं. मी तेव्हा स्वतःहूनच काम बंद ठेवते आणि तुम्हीही ठेवावं.

3. अन्न नोंदणी: इथेच सगळे अडकतात

2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात कलम 18 मध्ये स्पष्ट लिहिलंय की मच्छीमाराला, त्याच्या मासेमारीच्या कामात, हा कायदा लागू नाही. हे वाक्य अर्धवट ऐकून लोक म्हणतात, मग आपल्याला काही नकोच. पण मासेमारीचं काम संपतं कुठे, हे बघायला नको का?

मी रेघ अशी ओढते. स्वतः काढलेल्या जिवंत तिसऱ्या खाडीकाठी कुणाला दिल्या, तर ते मासेमारीचंच काम. बाजारात रोज पाटी मांडून बसलात की तुम्ही विक्रेत्या झालात, मग या कायद्याखाली अन्नधंद्याची नोंदणी हवी. विळीवर तिसऱ्या उघडून, मांस धुऊन, पिशव्या भरून हॉटेलला किंवा दुकानाला दिलंत की तुम्ही प्रक्रिया करताय. तेव्हाही नोंदणी हवी, आणि ती प्रक्रियेची.

माझी चूक नेमकी इथे झाली. पहिल्या वर्षी मी सोललेलं मांस अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्यांतून एका हॉटेलला द्यायचे. त्यांनी नोंदणी क्रमांक मागितला. एका एजंटाने अठराशे रुपये घेतले आणि दोन दिवसांत कागद आणून दिला. त्यावर व्यवसाय 'मासळी विक्री' होता आणि पत्ता बाजारातल्या ओट्याचा होता. मी वाचलंसुद्धा नाही. पुढे तपासणीला अधिकारी घरी आले. पडवीत चार विळ्या, मांसाच्या दोन पराती, बाजूला टरफलांचा ढीग. त्यांनी कागद बघितला, पडवी बघितली आणि म्हणाले, "बाई, काम इथे चालतं आणि कागद तिथला आहे." ते बरोबरच बोलत होते. नवा अर्ज मंजूर होईपर्यंत तीन आठवडे पुरवठा बंद, तोही ऐन मोसमात, आणि माझ्याबरोबर विळीवर बसणाऱ्या तिघींची मजुरी बुडाली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून माझं ठाम सांगणं आहे: अर्ज स्वतः भरा, निदान भरताना शेजारी बसा. अन्न नोंदणीच्या सरकारी पोर्टलचं नाव फॉस्कॉस. त्यात आधी व्यवसायाचा प्रकार निवडायला सांगतात. तिथे विक्री आणि प्रक्रिया हे वेगळे रकाने आहेत. घाईत पहिल्या दिसलेल्या रकान्यावर बोट ठेवू नका. पत्ता तोच द्या, जिथे विळी चालते. एका नोंदणीत एकच जागा बसते, त्यामुळे घरी सोलून बाजारातही बसत असाल तर दोन नोंदण्या लागतील. फोटो आणि ओळखपत्र एवढ्यावर छोट्या धंद्याचं काम भागतं.

शुल्काचं तर ऐकून लोक चकित होतात. 2011 च्या नियमांत वर्षाला 12 लाखांपर्यंतची उलाढाल छोट्या धंद्यात धरली आणि नोंदणीचं शुल्क वर्षाला 100 रुपये ठेवलं. मासळीवर प्रक्रिया करणाऱ्यांना दिवसाला 100 किलोची मर्यादाही त्यात होती. पाच वर्षांचं एकदम भरता यायचं, म्हणजे 500 रुपये. त्याच्यावर कुणी हजारात आकडा सांगितला तर ती त्याची मजुरी आहे, सरकारी शुल्क नाही. पैसे भरण्याआधी पोर्टलवर त्या दिवशीचा दर आणि मर्यादा बघा. अर्ज केल्यावर 7 दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची, असं नियम सांगतो. आठवडा उलटला तर अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात अर्जाचा क्रमांक घेऊन जा.

कागद हातात आला की क्रमांक मोजा. तो 14 आकडी असतो. नोंदणी असेल तर पहिला आकडा 2 आणि मोठ्या धंद्याचं लायसन असेल तर 1. पोर्टलवर तो क्रमांक टाकून स्वतःचं नाव, पत्ता आणि व्यवसायाचा प्रकार डोळ्यांनी वाचा. हे पाच मिनिटांचं काम मी तेव्हा केलं असतं तर ते तीन आठवडे वाचले असते.

4. पिशवी, बिल, वजन

बंद पिशवी विकणार असाल तर तिच्यावर हा नोंदणी क्रमांक, तुमचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, पॅक केल्याची आणि वापराची शेवटची तारीख आणि मांसाहाराची तपकिरी खूण हवी. ही खूण आता चौकटीतल्या त्रिकोणाची आहे. जुने गोल ठिपक्याचे स्टिकर छापखानेवाला अजून देतो, ते घेऊ नका. बिलावरही क्रमांक लिहा, 1 जानेवारी 2022 पासून ते बंधनकारक आहे. किलोवर विकत असाल तर इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापनाचा, म्हणजे सरकारी वजनमाप खात्याचा, शिक्का दरवर्षी मारून घ्यावा लागतो.

5. बसण्याची जागा

गावच्या आठवडा बाजारात ग्रामपंचायतीची बाजार पावती फाडा आणि जपून ठेवा. ती बसण्याची पावती आहे, अन्न नोंदणी नव्हे. शहरात रस्त्यावर बसणार असाल तर 2014 च्या पथविक्रेता कायद्याखाली नगरपालिकेचं प्रमाणपत्र लागतं.

6. नूतनीकरण

2011 च्या नियमांत मुदत संपण्याच्या 30 दिवस आधी अर्ज जायला हवा होता. त्यानंतर दिवसाला 100 रुपये विलंब शुल्क लागायचं, म्हणजे एका दिवसाचा उशीर वर्षभराच्या नोंदणीइतका पडायचा; आताचा नियम पोर्टलवर बघा. माझ्या नोंदणीची तारीख मी पडवीतल्या भिंतीवर, विळ्या टांगायच्या खुंटीखाली, खडूने लिहून ठेवली आहे.