यातलं शिवलंस कुठलं?

फॅशन डिझाइन शिकून मुलाखतीला येणाऱ्या मुली अजूनही फाइल उघडून स्केचेस दाखवतात. नाक-डोळे नसलेल्या उंच बायका, वाऱ्यावर उडणारे घागरे. मी विचारते, "यातलं शिवलंस कुठलं?" बहुतेक जणी गप्प होतात. नाशिकला सातपूरमध्ये माझं बारा शिलाई मशिनचं युनिट आहे. त्याआधी मुंबईत एका एक्स्पोर्ट हाऊसमध्ये मर्चंडायझर, म्हणजे गिऱ्हाईक आणि शिवणारे यांच्यातला दुवा, होते; तेव्हा नोकरी मागणाऱ्यांच्या बाजूलाही बसून झालंय.

नोकरी शोधताना 'डिझायनर' हा शब्द आधी बाजूला ठेवा. नवख्यांना घेतात ते सॅम्पलिंगला (नमुन्याचे कपडे करायला), क्यूसीला (माल तपासायला), असिस्टंट मर्चंडायझर म्हणून, नाहीतर शोरूमच्या मांडणीला. हेच शब्द टाकून शोधा.

फाइलमध्ये एकच कुर्ता असला तरी चालेल, पण तो पुरता हवा. पॅटर्न, कापडाचा तुकडा, किती मीटर लागलं, खर्च किती, मापांचा तक्ता आणि फोटो. फोटो उलट्या बाजूचाही काढा, मी आधी तोच बघते. माप घेताना कुर्ता टेबलावर सपाट पसरा, सुरकुत्या हाताने काढा, पण ताणू नका. छाती काखेच्या एक इंच खाली, या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत. आणि माप अर्धं (सपाट रुंदी) की पूर्ण (सगळा घेर), ते शेजारी लिहाच. पहिल्याच महिन्यात मी बाहीच्या मोहरीपुढे, म्हणजे बाहीच्या तोंडाच्या मापापुढे, नुसतं '5' लिहिलं होतं. शिवणाऱ्या मास्टरने ते पूर्ण माप धरलं. दहा सॅम्पल शिवून आले आणि एकाही बाहीत हात जाईना.

कॉलेज चालू असतानाच मेन रोडवरच्या एखाद्या मास्टरकडे किंवा गंगापूर रोडच्या बुटीकमध्ये दोन महिने बसा. जून-जुलैत विचारा, दुपारी. दिवाळीच्या तोंडावर गेलात तर मालक मान वर करून बघणारही नाही.

येवला इथून ऐंशी किलोमीटरवर. पैठणीवाल्यांना ऑनलाइन विक्रीसाठी फोटो काढणारं, रंगांची नावं नीट लिहिणारं माणूस हवं असतं. जाण्याआधी एवढं शिका: हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी तशीच दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत.

मुंबईत इंटर्नशिप मिळाली तर पंचवटी एक्स्प्रेसने रोज जा-ये करायच्या फंदात पडू नका. सॅम्पल नेमकं संध्याकाळी अडतं. खोली बघा.

पैशाचं आधीच बोलून घ्या. किती महिने, स्टायपेंड किती, सर्टिफिकेट कधी, सगळं ईमेलवर. माझ्या पहिल्या ठिकाणी तीन महिने मी कापडाचे चौकोन कापून कार्डावर चिकटवले, फुकट, आणि सर्टिफिकेटसाठी वर सहा खेपा घातल्या. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रीतसर अप्रेंटिस म्हणून लागलात तर स्टायपेंड द्यावाच लागतो. आयटीआयवाल्यांनी सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव घालावंच. उलट तुमच्याकडेच 'रजिस्ट्रेशन फी' मागितली तर चहासुद्धा न घेता उठा.

आणि पीडीएफ पाठवताना फाइलला स्वतःचं नाव द्या गं बायांनो. माझ्या फोनमध्ये 'पोर्टफोलिओ फायनल फायनल' नावाच्या चार फाइली पडून आहेत. त्यातली एक खरंच चांगली आहे, पण कुणाची ते देव जाणे.